विहिरीवरच्या इंजिनापासून दारातल्या गाडीपर्यंत : नेसरी परिसरातील डिझेल गाळणीचा इतिहास

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी हे गाव इतिहासग्रंथांत येते ते प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार २४ फेब्रुवारी १६७४ रोजी बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले त्या प्रसंगामुळे. या परिसराच्या विसाव्या शतकातील आर्थिक जीवनाचा विचार करताना मात्र डिझेल इंजिनाला वगळून पुढे जाता येत नाही. विहिरीवरचा पंप, उसाचे गुऱ्हाळ, पिठाची गिरणी, ट्रॅक्टर, प्रवासी भरून चालणारी वडापची जीप आणि शेवटी घरची मोटारगाडी अशा क्रमाने हे इंजिन ग्रामीण घरांत शिरले आणि त्याच्याबरोबर त्याची निगा राखण्याची एक विद्याही रुजली. डिझेल गाडीचा फिल्टर घरच्या अंगणात बदलण्याची आजची रीत याच विद्येची शाखा आहे, आणि तिचे मूळ मोटारीपेक्षा जुने आहे.

डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनाप्रमाणे ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तप्त हवेत इंधनाचा फवारा पडताच ते आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेल यांना या तत्त्वावरील इंजिनाचे पेटंट १८९३ मध्ये मिळाले आणि १८९७ मध्ये त्यांचे इंजिन समाधानकारक रीतीने चालले. त्या काळी इंधन दाबाखालच्या हवेच्या झोताने आत फुंकले जाई, त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे, आणि त्यामुळे हे इंजिन अवजड व एका जागी बसवलेलेच राहिले. जर्मनीतील बॉश कंपनीने १९२७ पासून इंधनपंपांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले तेव्हा हवेच्या झोताची गरज संपली, इंजिन लहान झाले आणि १९३६ मध्ये मर्सिडीज-बेंझची डिझेल मोटारही रस्त्यावर आली. या सुधारणेची किंमत मात्र स्वच्छतेच्या रूपाने मोजावी लागली. पंपातील दट्ट्या आणि त्याची नळी, म्हणजे प्लंजर आणि बॅरल, एकमेकांत घासून इतके चपखल बसवलेले असतात की त्यांच्यातील फट दोन-तीन मायक्रॉनांची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट एवढीच असते. डिझेलमधून आलेला बारीक कण या फटीत शिरला की तो पोलादावर ओरखडे काढतो, दाब गळतो आणि इंजिन सुरू होईनासे होते. इंधनगाळणी, म्हणजेच बोलीतील डिझेल फिल्टर, इंजिनाचा अनिवार्य भाग झाली ती या कारणाने.

नेसरी परिसरात या यंत्राची गरज निर्माण झाली ती पाण्यामुळे. आंबोली-चंदगडच्या डोंगराकडून पूर्वेला सरकताना पाऊस झपाट्याने कमी होतो. पावसाळ्याचे चार महिने ओल मुबलक असते, परंतु उसासारख्या बारमाही पिकाला पुढील आठ महिने हिरण्यकेशी, घटप्रभा किंवा विहिरीचे पाणी उचलून द्यावे लागते. हे काम पूर्वी बैलांची मोट करी. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झाली, साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात त्याआधीपासून इंजिने बनत होती, आणि कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातील ओतशाळांनी व यंत्रशाळांनी शेतीच्या ऑइल इंजिनांची व त्यांच्या सुट्या भागांची निर्मिती हाती घेतली. याच काळात कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि तोपर्यंत बेळगाव जिल्ह्यात असलेला शेजारचा चंदगड भाग १९५६ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात आला. शासकीय सीमा अशा बदलत असल्या तरी नेसरीसारख्या गावाचा व्यवहार कोल्हापूर आणि बेळगाव या दोन्ही बाजूंशी राहिला, कारण इंजिनाचा भाग जिथे लवकर मिळेल तिकडे शेतकऱ्याला जावे लागे.

विहिरीवरच्या इंजिनाची इंधनव्यवस्था साधी होती. टाकी उंचावर बसवलेली असल्याने डिझेल स्वतःच्या वजनाने खाली उतरे, वाटेत ते नमद्याच्या, कापडाच्या किंवा कागदाच्या गाळणीतून जाई आणि मग पंपात पोहोचे. गाळणी तुंबली की इंजिन भार घेईनासे होई आणि अखेर बंद पडे. मिस्त्री गावात नसल्यास पाण्याची पाळी चुकू नये म्हणून हे काम शेतकऱ्याने स्वतःच शिकून घेतले. नमद्याची किंवा कापडाची गाळणी स्वच्छ डिझेलमध्ये धुऊन पुन्हा वापरता येई, कागदाची मात्र टाकून नवीच घालावी लागे, आणि हा फरक न कळल्यास धुतलेला कागद फाटून सगळा गाळ पंपात जाई.

गाळणी काढताना नळीत हवा शिरते आणि खरी कसोटी तिथून पुढे लागते. हवा दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. त्यामुळे नळीत बुडबुडा राहिला तर दट्ट्याचा जोर बुडबुडा आक्रसण्यातच संपतो आणि नोझलमधून, म्हणजे इंधन फवारणाऱ्या तोटीतून, फवारा पडत नाही. या दोषाला ग्रामीण भागात ‘इंजिनाने एअर धरली’ असे म्हणतात, आणि तो दूर करण्याला ‘एअर काढणे’ म्हणतात. त्यासाठी गाळणीवरील स्क्रू पान्याने सैल केला जाई. आधी फेसाळ डिझेल बाहेर येई, बुडबुडे संपून अखंड धार लागली की स्क्रू आवळला जाई. मग तीच क्रिया पंपाजवळ आणि शेवटी नोझलच्या नळीच्या नटाशी होई. त्यानंतर हँडल फिरवताना नोझलचा ‘कर्र’ असा आवाज आला की इंधन पोहोचल्याची खात्री पटे. गाळणीच्या या दुरुस्तीत वाचनापेक्षा डोळ्यांना दिसणारी धार आणि कानांना ऐकू येणारा आवाज यांवर भर होता, म्हणून ती बापाकडून मुलाकडे पाहून-पाहून सहज उतरली.

गाळणी लवकर तुंबण्याची कारणेही स्थानिक होती. पेट्रोल पंपावरून आणलेले डिझेल लोखंडी पिंपात किंवा डब्यात साठवले जाई, आणि पावसाळ्यातील दमट हवेतील बाष्प अर्ध्या रिकाम्या पिंपाच्या आतील बाजूस थंडीत पाण्याच्या थेंबांच्या रूपात जमे. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते तळाशी बसे, पिंपाला गंज लावी आणि त्या गंजाची भुकटी इंधनात मिसळे. म्हणून पिंप काही काळ स्थिर ठेवून वरचेच डिझेल काढणे, ते दाट कापडातून गाळून टाकीत ओतणे आणि तळाचा भाग न वापरणे या सवयी लागल्या. डिझेलमध्ये स्वस्त रॉकेलची भेसळ हा वेगळा त्रास होता. रॉकेल गाळणीतून सहज पार होते आणि पंपाला लागणारी वंगणता कमी करते, त्यामुळे त्यावर गाळणीचा काहीच उपाय चालत नसे.

२० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, कोयनेची वीज आली, आणि पुढील दोन-तीन दशकांत विहिरीवरची बरीच इंजिने विजेच्या मोटारींनी हटवली. कोल्हापूरच्या ओतशाळा हळूहळू मोटार उद्योगाचे सुटे भाग ओतण्याकडे वळल्या. शेतकऱ्याच्या हातातील विद्या मात्र वाया गेली नाही, कारण त्याच काळात ट्रॅक्टर आणि जीप दारात येऊ लागल्या. बंगळूरमध्ये १९५१ मध्ये स्थापन झालेल्या मायको कंपनीचे पंप, नोझल आणि फिल्टर ट्रक-ट्रॅक्टरांवर सर्रास दिसत. त्यांतील दोन भांड्यांच्या फिल्टरमध्ये पहिल्यात कापडाची व दुसऱ्यात कागदाची गाळणी असे, म्हणजे विहिरीवर शिकलेले दोन्ही धडे एका जागी आले. कोल्हापूर भागात ठराविक थांब्यांवर प्रवासी भरून चालणाऱ्या खासगी गाड्यांना वडाप म्हणतात. वडापच्या ट्रॅक्स, जीप आणि १९९४ नंतरच्या टाटा सुमो रोज चालल्या तरच पोट भरे, म्हणून रात्री दारात गाडी लावून पहाटेपूर्वी फिल्टर बदलणे चालकाला परवडणारे होते. डिसेंबर १९९८ मध्ये टाटांची इंडिका आली, तिच्यानंतर डिझेल मोटार मध्यमवर्गीय घराच्याही आवाक्यात आली आणि हे काम व्यवसायातून घरगुती निगेत उतरले.

या परंपरेत मोठा खंड पडला तो कॉमन रेल पद्धतीमुळे. या पद्धतीत सर्व नोझलांसाठी एकाच जाड नळीत सतत अतिदाबाखाली इंधन साठवलेले असते आणि प्रत्येक नोझल संगणकाच्या आज्ञेने उघडते. १९९७ मध्ये प्रवासी मोटारींत ती प्रथम अल्फा रोमिओच्या गाडीत आली आणि पुढील दशकात भारतीय गाड्यांत रूढ झाली. तिच्यातील दाब हजार बारच्या पुढे, नव्या इंजिनांत दोन हजार बारच्याही पुढे असतो. अशा इंजिनावर जुन्या सवयीने नोझलच्या नळीचा नट सैल करणे जिवावर बेतू शकते, कारण त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते. एअर काढण्याची रीतही बदलली. फिल्टरवरील हातपंप किंवा रबरी फुगा दाबून, अथवा इंजिन सुरू न करता चावी दोन-तीनदा फिरवून टाकीतील विजेच्या पंपाने इंधन पुढे ढकलणे, एवढेच आता करायचे असते. नव्या फिल्टरमध्ये बाहेरून न गाळलेले डिझेल ओतणे येथे नोझलचा नाश करू शकते. काही फिल्टरांच्या तळाशी पाण्याची सूचना देणारा सेन्सर असतो, तो जुन्यावरून काढून नव्यावर बसवावा लागतो, आणि रबरी रिंग नवी घालून तिला डिझेलचा हात लावावा लागतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकाने डिझेलमधील गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत दहा भागांवर आणली. गंधक गाळणीने अडत नाही, ती कण आणि पाणीच अडवते. त्यामुळे इंधन शुद्ध झाले म्हणून फिल्टर बदलण्याची मुदत आपोआप वाढत नाही.

या वाटचालीचा आढावा घेता असे म्हणावे लागते की नेसरी परिसरातील ग्रामीण घराने यंत्राची निगा कारखान्याकडून नव्हे, तर पाण्याच्या पाळीच्या आणि रोजच्या फेरीच्या गरजेतून शिकली, म्हणूनच ती टिकली. तिच्यातील स्वच्छतेचा आग्रह आजही पूर्णपणे लागू आहे, उलट तो अधिक कडक झाला आहे. मात्र डोळ्यांनी धार पाहून व कानांनी आवाज ऐकून निर्णय घेण्याची तिची पद्धत नव्या इंजिनाला अपुरी पडते. म्हणून घरी फिल्टर बदलणाऱ्याने इंजिन गार झाल्यावर, विडी-काडी दूर ठेवून, स्वच्छ फडके आणि आपल्याच गाडीचे माहितीपुस्तक हाताशी घेऊन काम करावे, आणि अतिदाबाच्या नळ्यांना पाना लावण्याचे काम प्रशिक्षित मिस्त्रीवर सोडावे.