‘वतन’ : एक शब्द, अनेक कायदे

उत्तर हिंदुस्थानातील जुन्या वळणाची माणसे नवख्या गृहस्थास ‘आपका वतन कहाँ है?’ असे अजूनही विचारतात. आपल्यापैकी कोणी सातारा म्हणतो, कोणी अकोला, आणि विचारणाऱ्याचे समाधान होते. हाच प्रश्न साताऱ्याकडील एखाद्या वृद्ध पाटलास केला, तर तो गावाचे नाव न सांगता पाटीलकी सबंध आहे की निम्मी, आणि भाऊबंदांत ती कशी वाटली गेली, हे सांगू लागेल. शब्द एकच, परंतु ज्या ज्या कायद्याच्या दारातून तो गेला, त्या त्या कायद्याने त्याला निराळा पोशाख चढविला.

मूळ अरबीत वतन म्हणजे राहण्याचे ठिकाण. हनफी धर्मशास्त्रात या साध्या अर्थालाही कायद्याची धार आली. प्रवाशाला नमाज संक्षिप्त करण्याची मुभा असते. ती कोठे संपते हे ठरविण्यासाठी शास्त्रकारांनी वतनाचे भेद केले. जेथे माणसाचे कायमचे घरदार, ते ‘वतन-ए-असली’. जेथे निदान पंधरा दिवस राहण्याचा संकल्प केला, ते ‘वतन-ए-इकामत’. दुसरे वतन पुढच्या प्रवासास निघताच संपते, पहिले संपत नाही. बदलीच्या नोकरीत जन्म घालविणाऱ्या आम्हां मंडळींची स्थिती इतक्या नेमकेपणाने आमच्या सेवानियमांनीही सांगितलेली नाही! मोगल दरबारात या शब्दाला जमीन चिकटली. मनसबदारांच्या जहागिरी काही वर्षांनी बदलत. राजपूत राजांचे पिढीजात मुलूख मात्र ‘वतन जागीर’ म्हणून त्यांच्याच घराण्यांकडे राहत.

दख्खनेत वतन याहून पुढे गेले. येथे वतन म्हणजे गावगाड्यातील किंवा परगण्यातील वंशपरंपरेचा अधिकार, त्याची चाकरी, चाकरीबद्दलची इनाम जमीन, हक्क आणि मानपान, असे सगळे मिळून एक गाठोडे. परगण्यावर देशमुख-देशपांडे, गावात पाटील-कुलकर्णी; परंतु सुतार, लोहार, जोशी, महार हेही आपापल्या परीने वतनदारच. आपल्या मंडळाची सभासदयादी चाळली तरी ही सारी व्यवस्था आडनावांच्या रूपाने आजही हजेरी लावते. वतन विकता येई, गहाण पडे, त्याची वाटणी होई. अडचणीत सापडलेला पाटील निम्मी पाटीलकी विकी, तेव्हा पोळ्याला कोणाचा बैल पुढे, होळीची पोळी कोणाची आधी, टिळा-विडा प्रथम कोणास, कागदावर कोणाचे नाव वर, हे सारे खरेदीखतात लिहिले जाई. पाटलाची निशाणी नांगराची. ती कोणी करावयाची यावरूनही तंटे पडत. मग गोतसभा भरे, साक्षी होत, महजर लिहिला जाई. वतनदार परागंदा झाला तरी त्याचा हक्क सहसा बुडत नसे. दुष्काळात गाव सोडून गेलेल्यांच्या वंशजांनी परत येऊन वतन मागितल्याची उदाहरणे जुन्या कागदांत आहेत. येथे वतन हे राहण्याचे ठिकाण उरलेच नव्हते; तेथे न राहताही ते टिकत होते.

शिवाजीमहाराजांनी वतनदारांचा जोर मोडला. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तही वतनदारांना लहान का होईना पण स्वतंत्र सत्ताधीशच मानून राजाने सावध राहावे, असा रोख आहे. राजाराममहाराजांच्या काळात मात्र मोगलांकडे माणसे जाऊ नयेत म्हणून वतने देणे भागच पडले.

इंग्रजांनी १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत अधिकार कायद्याने वतनाची व्याख्या केली : वंशपरंपरेचे पद, असल्यास त्याच्या मोबदल्याची मालमत्ता आणि त्यांना जोडलेले हक्क मिळून वतन. सरकारच्या परवानगीशिवाय ते वतनाबाहेरच्या माणसास विकता येईना. मानाची वस्तू आता पगाराची बाब झाली.

हा पगाराचा अर्थ सर्वांत कठोरपणे महारवतनाला लागू पडला. थोडीशी जमीन आणि गावाकडून मिळणारे बलुते एवढ्यावर सरकारचे निरोप पोचवावयाचे, वसुलाच्या रकमेबरोबर तालुक्याला जावयाचे, शिवेच्या तंट्यात साक्ष द्यावयाची, वेळ-अवेळ नाही. पाटलाच्या घरी जो शब्द अभिमानाने उच्चारला जाई, तोच महारवाड्यात साखळी झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. ज्यांना चाकरी नको त्यांना जमिनीचा पूर्ण सारा भरून मोकळे होता यावे, हा त्यातील गाभा. ते संमत झाले नाही. वतनाच्या इतिहासातील हा प्रसंग आम्हांस सर्व महजरांहून मोठा वाटतो. कारण वतन सोडण्याचा हक्क मागणारा तो वतनदारांचा आवाज होता.

स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने आणि १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलपद रद्द झाले. जमिनी सरकारजमा होऊन ठरावीक मोल भरल्यावर त्याच कुटुंबांस पुन्हा देण्यात आल्या. पण ‘नवीन शर्ती’ने, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय हस्तांतरण करता येत नसे. पुन्हा दिलेली जमीन कोणाची, हा प्रश्न लगेच उभा राहिला. कुंदगोळच्या देसाई घराण्यात एकाने ती आपली एकट्याची म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये निर्णय दिला, की वतन गेल्यावर पुन्हा मिळालेली जमीन एकत्र कुटुंबाच्या लाभाची आहे आणि धाकट्यांस वाटणी मागता येते. गावी राहिलेल्या भावाचेच नाव उताऱ्यावर असलेल्या आपल्याकडील अनेक कुटुंबांना हा निकाल ठाऊक नसतो. आम्ही तो मुद्दाम येथे नोंदवीत आहो.

वतने संपली, तरी महसूल दप्तरात तो शब्द संपलेला नाही. सात-बाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ अशी नोंद दिसली, तर मागचे फेरफार काढून पाहावेत. पुष्कळदा त्यांच्या तळाशी एखादे महारवतन किंवा कुलकर्णवतन निघते, आणि खरेदीचा कागद मंजुरीवाचून झाला असेल तर तो तेथे अडू शकतो.