चाकाची धाव: इंदापूरच्या उसापासून शोलावरमच्या धावपट्टीपर्यंत

१/ मराठीत ‘धाव’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक सर्वांना ठाऊक असलेला, म्हणजे धावणे. दुसरा गावच्या सुतार-लोहारांच्या तोंडचा: लाकडी चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी. वेग आणि वजन या दोन्हींना एकच शब्द पुरला. शर्यतीच्या मोटारीसाठी कोणते चाक आणि कोणत्या मापाचा टायर निवडावा, हा आजच्या तरुणांचा आवडता वाद आहे. त्या वादाचा इतिहास बारामती-इंदापूरच्या मातीतूनही जातो. हा थ्रेड त्या इतिहासाविषयी आहे.

२/ आरंभ बैलगाडीपासून करावा लागतो. जुने चाक म्हणजे मधला तुंबा, त्यात रोवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडलेले लाकडी पुठ्ठे आणि सर्वांना आवळून धरणारी धाव. लोहार ती धाव विस्तवात लाल करी. तापून फुगलेली धाव चाकावर बसवली जाई आणि लगेच पाणी ओतले जाई. लोखंड आक्रसे आणि सारे सांधे घट्ट होत. बाभळीचे हे चाक जड असे, कारण त्याला खडकाळ वाटेवर टिकायचे होते. ते हलके करण्याची मुभा सुताराला नव्हती. मोडलेले चाक हंगामच बुडवी.

३/ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला आणि बारामती-इंदापूरच्या अवर्षणग्रस्त माळाला भाटघरचे पाणी मिळू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी याच कालव्यावर पाणीवाटपाची ‘ब्लॉक पद्धत’ आणली. पाण्यापाठोपाठ ऊस वाढला. ऊस मात्र तोडल्यावर लवकर गाळावा लागतो, नाहीतर त्यातली साखर घटते. म्हणून चाकाचा प्रश्न शेतापासून कारखान्यापर्यंतच्या घड्याळाशी जोडला गेला.

४/ त्याच सुमारास जगात चाकाची कड बदलत होती. 1888 मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवा भरलेला रबरी टायर तयार केला. जनावरांवर उपचार करणाऱ्या माणसाच्या नावाने पुढे आपल्याकडे बैलगाडीचा एक प्रकारच ओळखला जाऊ लागला: ‘डनलॉप गाडी’, म्हणजेच टायरगाडी. रबरी चाक मातीत कमी रुतते, खड्ड्यावर कमी आदळते, आणि तेवढ्याच ओढीत अधिक सहज फिरते.

५/ येथे या इतिहासाचा पहिला धडा मिळतो. टायरगाडीमुळे बैलांचे कष्ट कमी झाले असते, जर गाडीवरचा भार तेवढाच राहिला असता. तो राहिला नाही. चाक सहज फिरू लागताच गाडीवर उसाच्या मोळ्या अधिक चढल्या. चाकाने वाचवलेली शक्ती बैलाच्या वाट्याला आली नाही, ती वजनकाट्यावर खर्च झाली. चाकात झालेली प्रत्येक सुधारणा अशी कोठेतरी खर्च होते. कोठे, हे कोण ठरवतो, एवढाच प्रश्न उरतो.

६/ आता इंदापूर तालुक्यातील कळंबकडे वळू. 1882 मध्ये सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1930 च्या दशकात येथे ऊसशेती आणि साखर कारखाना उभा केला. ती वसाहत म्हणजे वालचंदनगर. रेल्वेची कंत्राटे, जहाजे, विमाने असा ज्यांचा पसारा होता, त्यांना मोटारीचेही वेध लागले होते. गंमत अशी की मुंबईत मोटार कारखाना काढण्याच्या योजनेचा पुरस्कार त्या दशकात विश्वेश्वरय्याही करीत होते. नीरेच्या पाण्याची वाटणी लावणारा अभियंता आणि त्याच पाण्यावर ऊस पिकवणारा उद्योजक एकाच मोटारीच्या स्वप्नात भेटले.

७/ युद्धकाळात ब्रिटिश सरकारने त्या स्वप्नाला हातभार लावला नाही. अखेर 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकी बनावटीच्या आणि 1950 च्या दशकात फियाटच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. वालचंद 1953 मध्ये निवर्तले. त्यांच्या पश्चात फियाट 1100 या सेडानने घराघरांत स्थान मिळवले. 1970 च्या दशकात तिचेच नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती पिढ्यांच्या स्मरणात राहिली.

८/ या सेडानचे इंजिन 1089 सीसीचे, चालना मागच्या चाकांना. चाके 14 इंची, साध्या पत्र्याची. टायरचे माप 5.20-14, म्हणजे रुंदी अवघी सव्वापाच इंचांच्या आसपास. आजच्या डोळ्याला ते टायर सायकलसारखे बारीक वाटतील. निवड मात्र विचारपूर्वक होती. लहान इंजिनाला रुंद टायरचे ओझे परवडत नाही. पत्र्याचे चाक खड्ड्यात वाकले तरी ठोकून सरळ करता येते. टॅक्सीवाल्याला सेकंद वाचवायचे नव्हते, त्याला भाड्याचा दिवस बुडू द्यायचा नव्हता. सुताराचा जुना हिशेब येथे पुन्हा दिसतो.

९/ शर्यतीचा हिशेब वेगळा असतो. 3 ऑगस्ट 1924 रोजी फ्रान्समधील लियाँ येथील ग्रां प्री शर्यतीत एत्तोरे बुगाती यांनी ‘टाइप 35’ ही गाडी उतरवली. तिला ॲल्युमिनियमची ओतीव चाके होती आणि ब्रेकचा ड्रम चाकातच सामावलेला होता. तारांच्या आऱ्यांच्या त्या जमान्यात हे धाडस होते. त्या दिवशी मात्र गाड्यांना टायरांनीच दगा दिला, त्यांचे रबर निघू लागले. चाक कितीही नवे असले तरी रस्त्याला शिवतो तो टायर, हे लियाँने दाखवले. पुढच्या वर्षांत याच गाडीने शर्यतींमागून शर्यती जिंकल्या.

१०/ हलक्या चाकाने नेमके काय साधते? दोन गोष्टी. पहिली: गाडीतील सामान फक्त पुढे जाते, चाक पुढेही जाते आणि स्वतःभोवतीही फिरते. म्हणून चाकाच्या अगदी कडेला असलेले 1 किलो वजन, वेग वाढवताना, गाडीत ठेवलेल्या जवळजवळ 2 किलोंइतके जाणवते. तेच वजन तुंब्यापाशी असेल तर हा अधिकचा भार नगण्य. याचा अर्थ असा की जड टायर हा जड चाकापेक्षाही महाग पडतो, कारण तो सर्वांत बाहेर असतो.

११/ दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गाडीचे बहुतेक वजन स्प्रिंगांवर तोललेले असते, चाक-टायर-ब्रेक मात्र स्प्रिंगांच्या खाली. उंचवट्यावर चाक वर उडते आणि स्प्रिंग त्याला पुन्हा खाली दाबते. चाक जितके जड, तितका हा परतीचा प्रवास सावकाश. तेवढा वेळ टायरची पकड सुटलेली असते. वळणावर ही निमिषभराची सूट म्हणजे गाडी घसरणे. हलके चाक म्हणूनच केवळ वेगाचा नव्हे, ताब्याचाही प्रश्न आहे.

१२/ भारतात हा प्रयोग कोठे झाला? मद्रासजवळ शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धातील एक विमानतळ होता. 1953 मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने त्या धावपट्टीला शर्यतीचे मैदान केले, आणि 1990 मध्ये इरुंगट्टुकोट्टई येथे स्वतंत्र ट्रॅक सुरू होईपर्यंत भारतीय मोटार शर्यतीचे ते माहेरघर राहिले. तेथे परदेशी खास गाड्यांबरोबर घरगुती फियाट 1100 सेडानही, सुधारणा करून, धावत. वालचंदांच्या कारखान्यातील संसारी गाडी शर्यतीत उतरली होती.

१३/ त्या सेडानना चाकांची निवड कितीशी होती? 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत सरकारी धोरणामुळे केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी मोटार कंपन्या देशातून बाहेर पडल्या. आयातीला परवाना लागे. बाजारात मोजक्याच गाड्या आणि मोजकीच टायरमापे. अशा काळात गाडी हलकी करण्याचा मार्ग नवे भाग विकत घेण्याचा नसून अनावश्यक भाग काढून टाकण्याचा होता. निवडीचे स्वातंत्र्य हेही इतिहासाने दिलेले असते. आज मोबाईलवर दहा प्रकारची अलॉय चाके पाहणाऱ्याने हे विसरू नये.

१४/ आजची मापे वाचायला शिकणे म्हणजे तो इतिहास वाचणे. ‘175/65 आर14’ याचा अर्थ: रुंदी 175 मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या 65 टक्के, आणि चाक 14 इंची. गणित केले तर पूर्ण व्यास सुमारे 583 मिलिमीटर भरतो. ‘185/55 आर15’ घेतला तर व्यास सुमारे 584.5. म्हणजे चाक एक इंचाने वाढले, टायर रुंद झाला, तरी उंची जवळपास तीच राहिली. वेगदर्शक खोटे बोलत नाही आणि गिअरचे गणितही बिघडत नाही.

१५/ मग मोठे चाक नेहमी चांगले का? नाही. टायरची भिंत आखूड झाली की वळणावर तो कमी लवचतो, हा लाभ. पण धातूची कड बाहेर सरकते आणि चाक बहुधा जड होते, हे नुकसान. ट्रॅकवर सेडान नेणाऱ्याने म्हणून आधी ब्रेक ज्यात सामावेल असे लहानात लहान चाक पाहावे, मग त्या चाकाला साजेशी टायरची रुंदी, आणि शेवटी वजन. केवळ वजनाच्या मागे लागून भार न पेलणारे स्वस्त चाक घेतले तर ते तडकते. सुतार बाभूळच का निवडी, याचे उत्तर येथे आहे.

१६/ बारामतीत या निवडीचा आधुनिक दाखला एकाच कारखान्यात सापडतो. पियाजिओचा वाहन कारखाना येथे आहे, आणि 2012 पासून व्हेस्पा स्कूटर तेथे बनू लागली. 1946 मधल्या मूळ व्हेस्पाचा आराखडा विमानांचे अभियंते कोर्रादिनो दास्कानियो यांचा. म्हणून तिचे पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एका बाजूनेच धरलेले आहे. बारामतीच्या व्हेस्पाची चाके दहा-अकरा इंची. 2016 मध्ये त्याच आवारातून आलेल्या ‘अप्रिलिया एसआर 150’ला मात्र 14 इंची अलॉय चाके दिली गेली. एकीला शहरातली गल्ली डोळ्यांसमोर होती, दुसरीला शर्यतीचा वारसा.

१७/ आणि ज्या शर्यतीत इंजिनच नाही, तिचे काय? बैलगाडा शर्यतीतील छकडाही हलका केलेला असतो. ओझे वाहणाऱ्या गाडीतून अनावश्यक ते सारे वगळले की छकडा उरतो. शोलावरमच्या फियाटला लावलेला नियमच हा. फरक एक: येथे वेग देणारे यंत्र जिवंत आहे. म्हणूनच हा वाद न्यायालयात गेला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, 16 डिसेंबर 2021 रोजी महाराष्ट्रात त्यांना अटींसह मुभा मिळाली, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. छकडा हलका झाल्याने बैलाचे श्रम कमी झाले की त्याच्याकडून मागितला जाणारा वेग वाढला, हा प्रश्न निकालानंतरही प्रत्येक मैदानात उभा असतो.

१८/ सुताराने वाचवले ते टिकाऊपणासाठी, उसाच्या टायरगाडीने भारासाठी, टॅक्सीने भाड्यासाठी, शोलावरमच्या सेडानने सेकंदासाठी. चाक प्रत्येक वेळी सुधारले, पण लाभ कोणाच्या पदरात पडला हे चाकाने ठरवले नाही, माणसांनी ठरवले. गळीत हंगामात नीरेच्या काठाने जाताना उसाच्या टायरगाड्यांची रांग दिसेल. मोळ्यांच्या उंचीबरोबरच गाडी ओढणारे बैल आणि गाडीमागे चालणारे ऊसतोड कुटुंब हेही पाहावे. त्या चाकाने वाचवलेली शक्ती त्यांच्यापर्यंत पोहोचली का, हे विचारणे हा तंत्रज्ञानाच्या इतिहासाचाच भाग आहे.