आरोग्य कार्यक्रमांचे बाह्य परिणाम

बाह्य परिणाम, आरोग्य कार्यक्रमांचे : एखादा आरोग्य कार्यक्रम ज्या व्यक्तीसाठी राबवला जातो तिच्यापलीकडे, म्हणजे तिचे कुटुंब, शेजार, कामाचे ठिकाण, इतर शासकीय खाती आणि पुढील पिढ्या यांच्यावर होणाऱ्या इष्ट वा अनिष्ट परिणामांना बाह्य परिणाम म्हणतात. कार्यक्रमावरील खर्चाचे चीज झाले की नाही हे ठरवताना हे परिणाम धरावेत का, धरल्यास कुठपर्यंत आणि कोणत्या मापाने, हा आरोग्य अर्थशास्त्रातील महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण हिशेबाची सीमा जिथे आखली जाते त्यावरच कोणाचे नुकसान मोजले जाणार आणि कोणाचे अदृश्य राहणार हे ठरते.

मूळ हिशेब : खर्च-परिणामकारकता विश्लेषणात दोन पर्यायांच्या खर्चातील फरकाला त्यांच्या आरोग्यलाभातील फरकाने भागतात आणि आरोग्याचे एक एकक मिळवायला किती जादा रुपये पडले ते काढतात. जागतिक बँकेच्या १९९३ च्या जागतिक विकास अहवालामुळे रूढ झालेले ‘डॅली’ हे असेच एक एकक असून, त्यात अकाली मृत्यूने हिरावलेली वर्षे आणि आजारपणात वा अपंगत्वात काढलेली वर्षे त्यांच्या तीव्रतेनुसार एकत्र मोजली जातात. केवळ आरोग्ययंत्रणेचा खर्च पाहिला तर तो यंत्रणेचा दृष्टिकोन होतो. रुग्णाच्या खिशातून गेलेले पैसे, बुडालेली मजुरी आणि नातेवाइकांचा वेळही धरला तर तो सामाजिक दृष्टिकोन होतो. एकच कार्यक्रम पहिल्या दृष्टिकोनातून महागडा आणि दुसऱ्यातून किफायतशीर ठरू शकतो.

भिवंडीतील गोवराचे उदाहरण : ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे शहर असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे ७ लाख १० हजार होती. शहरातील वर्दळीच्या धामणकर नाक्याच्या परिसरात यंत्रमागांचे कारखाने आणि कामगारांच्या दाट वस्त्या एकमेकांना लागून आहेत, आणि कामगारांपैकी पुष्कळ जण उत्तर प्रदेश, बिहार व तेलंगणातून आलेले आहेत. २०२२ च्या उत्तरार्धात मुंबई आणि मालेगावबरोबर भिवंडीतही गोवराचा उद्रेक झाला. करोनाकाळात नियमित लसीकरणात पडलेला खंड हे त्याचे एक प्रमुख कारण मानले गेले. राज्य शासनाने डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले आणि उद्रेकाच्या भागांत गोवर-रुबेला लसीच्या अतिरिक्त मात्रा देण्यात आल्या.

गोवर हा ज्ञात रोगांपैकी अत्यंत संसर्गजन्य रोग आहे. कोणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात एका रुग्णापासून सरासरी १२ ते १८ जणांना लागण होते, असे मानले जाते. या संख्येने १ ला भागून येणारा अपूर्णांक १ मधून वजा केला की साथ थांबवण्यासाठी किती लोक प्रतिकारक्षम असावे लागतात ते मिळते. गोवराच्या बाबतीत हे प्रमाण साधारण ९२ ते ९४ टक्के येते. लस शंभर टक्के परिणामकारक नसल्याने व्यवहारात ९५ टक्के लसीकरणाचे उद्दिष्ट ठेवले जाते. ही सामूहिक प्रतिकारशक्ती म्हणजे बाह्य परिणामाचे सर्वांत स्पष्ट रूप होय. टोचलेल्या प्रत्येक मुलाबरोबर लसीचे वय न झालेले तान्हे बाळ आणि आजारामुळे लस घेऊ न शकणारे शेजारचे मूल यांचेही संरक्षण होते. मात्र शहराची सरासरी समाधानकारक असली तरी लस न मिळालेली मुले एकाच वस्तीत एकवटलेली असतील तर तिथे साथ पसरू शकते. म्हणून अशा वस्तीतील मुलापर्यंत पोहोचण्याचा खर्च प्रत्येक मात्रेमागे जास्त दिसला, तरी त्या मात्रेचा इतरांना होणारा लाभही जास्त असतो. केवळ मात्रांची संख्या मोजणाऱ्या हिशेबात नेमकी हीच मुले ‘परवडत नाहीत’ असे ठरण्याचा धोका असतो.

लाभाचे आणखी पदर आहेत. गोवरामुळे इतर रोगांविरुद्ध शरीराने आधी मिळवलेल्या प्रतिपिंडांचा काही भाग नष्ट होतो, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. त्यामुळे गोवर टळला म्हणजे त्यानंतरच्या काळातील इतर संसर्गांचा धोकाही कमी होतो. यंत्रमागावर मजुरी बहुधा कापडाच्या मीटरवर मिळत असल्याने आजारी मुलापाशी थांबणाऱ्या पालकाच्या खाड्याचा फटका थेट घरखर्चाला बसतो. कामगार कुटुंबे गावी ये-जा करत असल्याने भिवंडीत थांबलेल्या साथीचा लाभ दूरच्या राज्यांनाही होतो, पण महानगरपालिकेच्या जमाखर्चात तो कधीच दिसत नाही. उलट दिशेनेही असेच घडते, म्हणजे इतर खात्यांच्या खर्चाचा लाभ आरोग्याला होतो. २१ सप्टेंबर २०२० रोजी धामणकर नाक्याजवळील पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळून अनेकांचा बळी गेला. सुरक्षित व हवेशीर घरांवरील खर्च गृहनिर्माणाच्या खात्यावर पडतो, तर त्यातून वाचणारे जीव आणि कमी होणारा संसर्ग हा आरोग्याचा लाभ असतो.

अनिष्ट बाह्य परिणाम : हिशेब प्रामाणिक राहण्यासाठी नुकसानीची बाजूही तितक्याच काळजीने मांडावी लागते. रुबेलाची लस अपुऱ्या प्रमाणात दिली गेली तर विषाणूचा प्रसार मंदावतो पण थांबत नाही. लहानपणी संसर्गातून सुटलेल्या मुलींना तो पुढे गरोदरपणात होऊ शकतो आणि जन्मजात दोष असलेली बाळे जन्मतात. ग्रीसमध्ये १९९३ मध्ये असेच घडले. म्हणूनच ही लस सुरू करताना किमान ८० टक्के लसीकरण गाठण्याची क्षमता असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने सुचवले. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ पासून ९ महिने ते १५ वर्षे अशा रुंद वयोगटासाठी मोहीम राबवण्यामागेही हेच तत्त्व होते. प्रतिजैविकांबाबतही दोन्ही बाजू दिसतात. नायजर, मलावी व टांझानिया येथील चाचणीत लहान मुलांना वर्षातून दोनदा अॅझिथ्रोमायसिन दिल्याने बालमृत्यू सुमारे १४ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, परंतु अशा सरसकट वाटपाने औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात आणि त्याची किंमत भविष्यातील रुग्णांना मोजावी लागते.

मोजण्याच्या पद्धती : स्थिर प्रतिमानात प्रत्येक व्यक्ती सुटी धरली जाते, त्यामुळे संसर्गाची साखळी तुटल्याचा लाभ त्यात येत नाही; गतिशील प्रतिमानात मात्र एकाची लागण दुसऱ्याच्या धोक्याशी जोडलेली असते. क्षेत्रीय प्रयोगांत एकेका व्यक्तीऐवजी संपूर्ण वस्ती वा शाळा हे एकक घेतात, कारण लाभ तुलनागटापर्यंत झिरपला तर कार्यक्रमाचा परिणाम प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. एडवर्ड मिगेल व मायकेल क्रेमर यांनी केनियातील जंतनाशक गोळ्यांच्या अभ्यासात (२००४) हा मुद्दा ठळक केला. मात्र २०१५ मधील फेरतपासणीत मूळ आकडेमोडीतील चुका आढळून दूरच्या शाळांपर्यंत लाभ पोहोचल्याचा दावा दुबळा झाला. खर्च-परिणामकारकतेवरील अमेरिकेतील दुसऱ्या तज्ज्ञमंडळाने २०१६ मध्ये प्रत्येक विश्लेषणासोबत परिणाम-सूची जोडण्याची शिफारस केली. या सूचीत आरोग्य, मजुरी, शिक्षण, न्यायव्यवस्था, पर्यावरण इत्यादींवरील परिणाम मोजले की वगळले हे उघडपणे नोंदवायचे असते. विस्तारित खर्च-परिणामकारकता विश्लेषण या पद्धतीत आरोग्यलाभाबरोबर कोणत्या उत्पन्नगटाचा किती खर्च वाचला हेही दाखवले जाते. भारतातील क्षयरोगाच्या सार्वजनिक खर्चाने होणाऱ्या उपचारांना ती लावणारा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात २०१७ पासून आरोग्य संशोधन विभागांतर्गत आरोग्य तंत्रज्ञानाच्या मूल्यमापनाची राष्ट्रीय व्यवस्था काम करते.

वाद व मर्यादा : बुडालेली मजुरी हे नुकसानीचे माप धरले तर कमी मजुरीच्या यंत्रमाग कामगाराचे, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रीचे आणि वृद्धाचे आरोग्य स्वस्त ठरते, हे नैतिकदृष्ट्या अस्वीकारार्ह आहे. ब्रिटनमधील ‘नाइस’ ही आरोग्यसेवांचे मूल्यमापन करणारी संस्था आपल्या मूळ हिशेबात उत्पादनातील तूट धरत नाही, मात्र शुश्रूषा करणाऱ्यांच्या आरोग्यावरील परिणाम प्रसंगानुसार धरते. दुसरा धोका एकच लाभ दोनदा मोजला जाण्याचा असतो. तिसरा आणि सर्वाधिक दुर्लक्षित मुद्दा तुलनेच्या समतोलाचा आहे. निधी व मनुष्यबळ मर्यादित असल्याने आशा कार्यकर्ती उद्रेकाच्या सर्वेक्षणासाठी घरोघर फिरते तेव्हा तिच्याकडून होणारा क्षयरुग्णांचा पाठपुरावा किंवा गरोदर स्त्रियांच्या भेटी मागे पडू शकतात, आणि त्या बाजूला सारलेल्या कामांचेही बाह्य परिणाम असतात. क्षयरुग्णाचा उपचार अर्धवट राहिला तर शेजारच्या मागावरील कामगारालाही धोका पोहोचतो. नव्या कार्यक्रमाचे सर्व दूरगामी लाभ जमेस धरून विस्थापित कामांचे लाभ सोडून दिले, तर निष्कर्ष नव्याच्या बाजूने खोटा झुकतो.

म्हणून बाह्य परिणाम धरताना सीमा आधी जाहीर करणे, ती सर्व पर्यायांना सारखी लावणे, इष्ट व अनिष्ट दोन्ही बाजू मांडणे आणि जे आकड्यांत बसत नाही तेही शब्दांत नोंदवणे, हे चार नियम पाळावे लागतात. दाट वस्तीच्या शहरांत या नियमांचे महत्त्व विशेष आहे, कारण तिथे एका घरातील आरोग्य शेजारच्या घरावर अवलंबून असते आणि सीमा आखडती घेतल्याचे नुकसान प्रथम त्यांनाच सोसावे लागते ज्यांना निर्णय घेणाऱ्यांपुढे आपली बाजू मांडण्याची संधी मिळत नाही.