रुमाल, पत्ते, रकाने

शिवणकाम, विणकाम, भरतकाम, क्रोशा, रांगोळी अशी पुस्तकं घरात साठत गेली की कधी ना कधी त्यांची यादी करायची हुक्की येते. संगणकावर तक्ता उघडला की हात आपोआप चार रकाने आखतो: नाव, लेखक, प्रकाशक, साल. कपाटभर पुस्तकं भरून होतात आणि मग कुणीतरी विचारतं, ‘बाळाच्या टोपऱ्याचा तो क्रोशाचा नमुना कोणत्या पुस्तकात होता गं?’ तिथे ही यादी काही कामाची नसते. लेखिकेचं नाव कुणी विचारलेलंच नसतं. हे चार रकाने आले कुठून आणि कलाकुसरीच्या पुस्तकांना ते तोकडे का पडतात, याचा माग काढायचा तर बरंच मागे जावं लागतं.

आम्ही सक्करदऱ्याचे, म्हणजे नागपूरकर भोसल्यांच्या राजधानीतले. तेव्हा सुरुवात दप्तरापासूनच व्हायला हवी. मराठेशाहीत मोडी कागद रुमालात बांधून ठेवत. कोणत्या रुमालात काय आहे, ते मुख्यतः कारकुनाच्या डोक्यात. ग्रंथांच्या रीतसर याद्याही होत होत्या. गोदाकाठचे कवींद्राचार्य सरस्वती सतराव्या शतकात काशीला राहत. शहाजहानकडून यात्रेकरूंवरचा कर माफ करवून घेणारे ते हेच. त्यांच्या खाजगी पोथीसंग्रहाची दोन हजारांवर नावांची यादी १९२१ साली बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये छापून निघाली. एका माणसाच्या संग्रहाची यादी म्हणून ती आजही थक्क करते. पण सलग यादीला एक खोड असते: नवी पोथी आली की तिची ओळ मध्ये घालायला जागा नसते.

ही खोड फ्रान्समध्ये मोडली, तीही पत्त्यांनी. क्रांतीनंतर जप्त झालेल्या ग्रंथसंग्रहांची मोजदाद करायची होती. १७९१ साली सरकारने सांगितलं, की खेळायचे पत्ते घ्या आणि एकेका पत्त्यावर एकेका पुस्तकाची नोंद लिहा. लांबलचक नावांसाठी एक्का आणि दुर्री राखून ठेवली होती, कारण त्यांच्यावर मोकळी जागा जास्त! पत्ते सुटे, त्यामुळे नवं पुस्तक आलं की त्याचा पत्ता मधे सरकवायचा. ग्रंथालयातल्या कार्डांच्या खणांचे हे पूर्वज. १८७६ साली अमेरिकेत मेल्विल ड्यूई यांनी दशांश वर्गीकरण छापलं. अमेरिकन पद्धतीचं ग्रंथालय आपल्याकडे आणलं ते सयाजीराव गायकवाडांनी. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डेन यांना बडोद्याला बोलावून घेतलं. त्याच बडोद्यात १८९० साली कलाभवन निघालं होतं आणि तिथलं धंदेशिक्षण देशी भाषांत द्यायचं म्हणून त्रिभुवनदास गज्जर धडपडत होते. कारागिरीचं पुस्तक आणि त्याची नोंद ठेवायची शिस्त, दोन्ही एकाच गावात.

तरी शिस्त होती ती ग्रंथपालाच्या सोयीची. ड्यूईंच्या पद्धतीत शिवणकाम जातं ६४६ मध्ये, गृहव्यवस्थेजवळ. विणकाम आणि भरतकाम ७४६ मध्ये, कलांच्या रांगेत. झबलं शिवणं आणि त्याच झबल्यावर साखळीटाका घालणं यांच्यामध्ये शंभर आकडे. एकाच दुपारी दोन्ही कामं उरकणाऱ्या बाईला हे पटवून कोण देणार?

माझ्या मते या सगळ्या वंशावळीत आपल्या कामाचा खरा पूर्वज म्हणजे ग्रंथालयशास्त्रज्ञ शियाळी रामामृत रंगनाथन. लंडनला शिकत असताना एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणं पाहिलं: त्याच पट्ट्या, तेच नटबोल्ट, जोडणी बदलली की वस्तू नवी. विषयही असेच सुट्या भागांतून जोडता येतील, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि १९३३ साली त्यांचं द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध झालं. विषयाचे पैलू त्यांनी पुढे पाच मानले: मुख्य वस्तू, द्रव्य, क्रिया, स्थळ आणि काळ. आता टोपऱ्याचा नमुना घ्या. वस्तू टोपरं, द्रव्य लोकर, क्रिया क्रोशा. पहिले तीन पैलू तर विणणाऱ्या बाईच्या तोंडी रोजच असतात.

संगणकाने हे पेलायला वेळ घेतला. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधित तक्त्यांची कल्पना मांडली: पुस्तकांचा तक्ता वेगळा, नमुन्यांचा वेगळा, आणि दोघांना बांधणारा क्रमांक. एका पुस्तकात चाळीस नमुने असले तरी पुस्तकाचं नाव लिहायचं एकदाच. पुढे घरगुती संगणकावर असे तक्ते सांभाळणारा डीबेस हा प्रोग्रॅम आला. त्यात रकान्याचं नाव दहा अक्षरांपलीकडे जात नसे. ग्रंथालयांना युनेस्कोची सीडीएस-आयसिस ही प्रणाली मिळाली, जिच्यात एकाच रकान्यात अनेक विषय रीतसर देता येत. घरोघरी मात्र एक्सेल पोचला, आणि माणसं एका चौकटीत ‘विणकाम, भरतकाम, थोडं मॅक्रमे’ असं स्वल्पविराम देत कोंबू लागली. शोधायला ते कसंबसं चालतं, मोजायला अजिबात नाही.

मराठीचं दुखणं आणखी निराळं. युनिकोडपूर्व फाँटात भरलेली यादी दुसऱ्या संगणकावर नेली की तिचा पार काला होतो. युनिकोडातही निव्वळ संकेतांकांनी क्रम लावला तर ‘ळ’ येतो ‘ल’ला खेटून, ‘व’च्या आधी; ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ वर्णमालेच्या शेवटी न जाता ‘क’ आणि ‘ज’च्या घरात शिरतात. पुस्तकामागच्या पट्ट्यांचा (बारकोडचा) आकडा वाचून माहिती आपोआप भरणारी ॲपंही इथे फारशी उपयोगाची नाहीत. तो आकडा म्हणजे आयएसबीएन, आणि ते आंतरराष्ट्रीय मानक झालं १९७० साली. त्याआधीच्या पुस्तकांवर तो कुठून असणार? आणि ‘स्त्री’ मासिक १९३० मध्ये सुरू झालं तेव्हापासून बायकांनी मासिकांतून कापून ठेवलेल्या कात्रणांना तर मुखपृष्ठच नसतं.

म्हणून नोंद पुस्तकाची नव्हे, नमुन्याची करावी. रकाने असे धरा: वस्तू, साहित्य, क्रिया, टाका, पान, आणि शेवटी पुस्तकाचा क्रमांक. कपाटातला कप्पाही लिहा, नाहीतर संगणकात सापडलेलं घरात सापडत नाही. लेखक-प्रकाशक दुसऱ्या तक्त्यात निवांत बसू देत. सगळी पुस्तकं एका दमात संपवायच्या फंदात पडू नका; जे पुस्तक कामासाठी उघडाल, त्यातले नमुने त्याच दिवशी चढवा.

आणि सुरुवात छापील पुस्तकांपासून करू नका. शिवण क्लासात शिकलेल्या आईची किंवा आत्याची नमुन्यांची फाइल घरात असेल, काज, चुण्या, हेम यांचे कापडी तुकडे चिकटवलेली, तर पहिला क्रमांक तिला द्या. छापील पुस्तकाची दुसरी प्रत कुठेतरी मिळेल, तिची मिळणार नाही.