सारेच ‘रस्ते’?

भाषांतराचा पेपर शिकवताना एक अनुभव आम्हांला दरवर्षी येतो. इंग्रजी उताऱ्यात ‘स्ट्रीट’ असो, ‘रोड’ असो वा ‘अ‍ॅव्हेन्यू’, विद्यार्थ्यांच्या वहीत त्या सर्वांचा ‘रस्ता’ झालेला असतो. थोडा अधिक विचार करणारे विद्यार्थी रुंदीचा हिशेब लावतात : सर्वांत रुंद तो हमरस्ता, त्याखाली रस्ता, मग गल्ली आणि शेवटी बोळ. ही उतरंड आम्हीही अनेक वर्षे फळ्यावर लिहीत आलो. ती किती तोकडी आहे, हे आमच्या लक्षात आले ते जेन ऑस्टिनच्या एका कादंबरीपाशी अडखळल्यावर.

‘मॅन्सफील्ड पार्क’ (१८१४) या कादंबरीत रशवर्थ नावाच्या श्रीमंत तरुणाला आपल्या सदर्टन येथील वाड्याचा परिसर नव्या पद्धतीने सजवायचा आहे. हम्फ्री रेप्टन हा त्या काळचा नामांकित उद्यानरचनाकार. त्याला बोलावले तर तो तिथली ‘अ‍ॅव्हेन्यू’ बहुधा काढूनच टाकील, अशी चर्चा चालते. ती ऐकून फॅनी ही नायिका व्याकूळ होते. आमच्या वर्गात या प्रसंगाचे भाषांतर ‘रस्ता तोडून टाकणे’ असे झाले आणि एका विद्यार्थिनीने सरळ विचारले, की रस्ता उखडल्याने एवढे दुःख कशाचे? प्रश्न रास्त होता. तोडला जाणार होता तो रस्ता नव्हेच. ती ओक वृक्षांची जुनी दुतर्फा रांग होती.

‘अ‍ॅव्हेन्यू’ हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी ‘येऊन पोहोचणे’ ही क्रिया आहे. जमीनदाराच्या वाड्याकडे नेणारी, दोन्ही बाजूंना झाडे लावलेली वाट, असा त्याचा इंग्रजीतला अर्थ स्थिरावला. पुढे वाट मागे पडून झाडांच्या रांगांनाच ते नाव मिळाले. एक रांग उभी राहायला दोन-तीन पिढ्या लागतात. म्हणून फॅनीचे दुःख हे एका पिढीने आधीच्या पिढ्यांचे संचित मोडण्याचे दुःख आहे. ‘रस्ता’ या एका शब्दाने ते नाहीसे होते. गंमत अशी, की याच शब्दाने अमेरिकेत वेगळाच संसार मांडला. न्यूयॉर्कच्या १८११ च्या नगररचनेत मॅनहटन बेटाच्या लांबीने जाणारे ते ‘अ‍ॅव्हेन्यू’ आणि आडवे छेदणारे ते ‘स्ट्रीट’ असा निव्वळ दिशेचा भेद उरला.

त्या प्रसंगानंतर आम्ही बाकीच्या शब्दांकडेही नव्याने पाहू लागलो. हे शब्द रस्त्याची रुंदी सांगत नाहीत, त्या रस्त्यावर कधीकाळी काय घडले ते सांगतात.

‘स्ट्रीट’ घ्या. लॅटिनमध्ये फरसबंदी केलेल्या वाटेला ‘व्हिया स्ट्राटा’ म्हणत; ‘स्ट्राटा’ म्हणजे पसरलेली, अंथरलेली. संस्कृतातील ‘स्तृ’ हा धातू याच कुळातला, म्हणजे आपला ‘विस्तार’ आणि लंडनचा ‘स्ट्रीट’ हे दूरचे भाऊबंद ठरतात. रोमनांनी इ. स. ४३ पासून सुमारे ४१० पर्यंत ब्रिटनवर राज्य केले. ते गेले, दगडी रस्ते मागे राहिले. नंतर आलेल्या अँग्लो-सॅक्सन लोकांनी या बांधीव रस्त्यांना ‘स्ट्रीट’ म्हटले. वॉटलिंग स्ट्रीट आणि अर्मिन स्ट्रीट हे गावांना जोडणारे लांबच लांब मार्ग असूनही ‘स्ट्रीट’ आहेत ते त्यामुळेच.

‘रोड’ची जन्मकथा याहून वेगळी. त्याच्या जुन्या इंग्रजी रूपाचा अर्थ होता घोड्यावरून जाणे आणि घोड्यावरून केलेला हल्ला. आपल्या ‘स्वारी’ या शब्दाचे दोन्ही अर्थ अगदी असेच एकत्र नांदतात. त्याच मुळाचे स्कॉटिश रूप म्हणजे ‘रेड’. वर्तमानपत्रात ‘रेड पडली’ असे वाचताना आपण ‘रोड’चाच जुळा भाऊ वाचत असतो. ज्यावरून जायचे ती वाट, हा ‘रोड’चा अर्थ रूढ झाला तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस. म्हणून ‘स्ट्रीट’मध्ये वस्ती आहे आणि ‘रोड’मध्ये प्रवास. लंडनचा आजचा ऑक्सफर्ड स्ट्रीट पूर्वी टायबर्न रोड, ऑक्सफर्ड रोड अशा नावांनी ओळखला जाई. अठराव्या शतकात त्याच्या कडेने घरे-दुकाने उभी राहिली आणि त्याचा ‘स्ट्रीट’ झाला. उलट, लंडनच्या प्राचीन गाभ्यात, ज्याला ‘सिटी’ म्हणतात तिथे, १९९४ पर्यंत ‘रोड’ नावाचा एकही रस्ता नव्हता. त्या वर्षी हद्द सरकली आणि गॉस्वेल रोडचा काही भाग आत आला.

‘लेन’ म्हणजे मुळात दोन कुंपणांमधली अरुंद वाट. शहरातल्या लेनला आपण गल्ली म्हणतो ते ठीक, परंतु खेड्यातल्या लेनसाठी आपल्याकडे ‘पाणंद’ हा नेमका शब्द आहे आणि भाषांतरात तो क्वचितच येतो. ‘अ‍ॅली’बाबत मात्र सावध राहावे. ‘आळी’शी तिचे उच्चारसाम्य मोहात पाडणारे आहे, पण नाते मुळीच नाही. ‘अ‍ॅली’ फ्रेंचमधील ‘जाणे’ या क्रियापदावरून आली, तर ‘आळी’ संस्कृत ‘आलि’ म्हणजे रांग यावरून. इंग्रजाने तिथे चालणे पाहिले, आपण शेजार पाहिला. पुण्याची तांबट आळी ही तांबटांच्या घरांची ओळ आहे.

असाच चकवा इंग्लंडमधील यॉर्क शहरात भेटतो. तिथे स्टोनगेट, मिकलगेट, कॉपरगेट अशी नावे आहेत, पण हे दरवाजे नव्हेत. इ. स. ८६६ मध्ये हे शहर व्हायकिंगांनी जिंकले आणि त्यांच्या भाषेत ‘गाता’ म्हणजे रस्ता. शहराच्या खऱ्या वेशींना तिथे ‘बार’ म्हणतात. कॉपरगेट ऐकून आम्हांला आपली तांबट आळी आठवली होती. प्रत्यक्षात ते नाव लाकडी पेले घडवणाऱ्या कारागिरांचे निघाले. जिंकणारे हजार वर्षांपूर्वी गेले, त्यांचा शब्द भिंतीवरच्या पाट्यांवर राहिला.

‘बुलेव्हार’चे मूळ तर तटबंदीत आहे. ‘बुलवर्क’ म्हणजे बुरूज, हा त्याचा सख्खा भाऊ. १६७० साली चौदाव्या लुईने पॅरिसचे तट पाडायला घेतले आणि त्या जागी झाडांनी सजलेले फिरण्याचे मार्ग आले. नाव तटाचेच राहिले. मुंबईकरांना हे परके वाटू नये. किल्ल्यासमोर शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून मोकळी राखलेली सपाट जागा म्हणजे ‘एस्प्लनेड’. १८६० च्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात मुंबईचा कोट पाडला गेला, तरी एस्प्लनेड रोड हे नाव पुढे कित्येक वर्षे टिकले. आज तो महात्मा गांधी रोड आहे. कोट नाही, दरवाजाही नाही, पण आपण अजून ‘फोर्ट’मध्ये जातो आणि ‘चर्चगेट’ला उतरतो.

शेवटचे उदाहरण ‘म्यूज’चे. ससाण्यांची पिसे झडण्याच्या काळात त्यांना ठेवण्याची जागा म्हणजे ‘म्यूज’. इंग्लंडच्या राजाचे ससाणे चेरिंग क्रॉसजवळ असत. १५३४ साली राजाचे तबेले दुसरीकडे आगीत जळाले, मग घोडे तिथे आले. नाव मात्र पक्ष्यांचेच राहिले. पुढे श्रीमंत घरांच्या मागे तबेल्यांची जी गल्ली असे तिलाही लोक ‘म्यूज’ म्हणू लागले. कॉनन डॉयलच्या ‘अ स्कँडल इन बोहेमिया’ (१८९१) या कथेत होम्स बेकार मोतद्दाराचे सोंग घेऊन आयरीन अ‍ॅडलरच्या घराजवळच्या ‘म्यूज’मध्ये जातो, घोड्यांना खरारा करू लागतो आणि गप्पांतून हवी ती माहिती काढतो. ‘म्यूज’ची नुसती गल्ली केली, तर त्याने मोतद्दाराचेच सोंग का घेतले हे वाचकाला उमगणार नाही.

यावर एक आक्षेप आम्ही स्वतःच घेतो. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर खरेदी करणाऱ्याच्या मनात रोमन फरशी नसते, तशी चर्चगेटच्या प्रवाशाच्या मनात वेस नसते. म्हणून प्रत्येक ‘स्ट्रीट’ला तळटीप जोडावी असे आमचे म्हणणे नाही. बेकर स्ट्रीट बेकर स्ट्रीटच राहू द्यावा. पण जिथे शब्दातली जुनी क्रिया कथेत पुन्हा जागी होते, तिथे ती मराठीत आणणे हे भाषांतरकाराचे कर्तव्य आहे. सदर्टनला ‘ओकांची दुतर्फा रांग’ हवी, होम्सला ‘तबेल्यांची गल्ली’ हवी आणि खेड्यातल्या लेनला ‘पाणंद’.

रुंदीची ती उतरंड आम्ही आता फळ्यावर लिहीत नाही. त्याऐवजी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारतो : या वाटेवर कोण काय करत होते? उत्तर सापडले, की मराठी शब्द शोधणे सोपे जाते. आणि तो शोधताना बोळ, आळी, पेठ, पाणंद, पायवाट, गाडीवाट हे आपलेच शब्दही पुन्हा हाती लागतात. सरसकट ‘रस्ता’ म्हणण्याच्या सवयीने इंग्रजीचे अर्थ तर हरवतातच, पण हे शब्दही आपण विसरत चाललो आहोत. आम्हांला जास्त हळहळ वाटते ती याची.