दुचाकी टायरचे वय

दुचाकी टायरचे वय म्हणजे मोटारसायकल किंवा स्कूटरचा टायर कारखान्यात तयार झाल्यापासून लोटलेला काळ. टायर वापरात आला नाही तरी हे वय वाढत राहते, कारण रबरातील रासायनिक बदल साठवणीच्या काळातही चालू असतात. म्हणून दुकानातील न वापरलेला टायर ‘नवा’ असला तरी ‘ताजा’ असेलच असे नाही. टायरचे वय त्याच्या बाजूच्या भिंतीवर कोरलेल्या चार आकडी संकेतावरून कळते. भारतात टायरच्या नक्षीची किमान खोली नियमाने ठरवलेली आहे. वयाची तपासणी मात्र मुख्यतः खरेदीदारावरच अवलंबून असते. नागपूरसारख्या तीव्र उन्हाळ्याच्या शहरात या तपासणीला विशेष महत्त्व आहे.

उत्पादनाचा संकेत

इ.स. २००० पासून बनलेल्या टायरांवर उत्पादनाचा काळ चार आकड्यांत दर्शवला जातो. पहिले दोन आकडे वर्षातील आठवडा आणि शेवटचे दोन आकडे वर्ष सांगतात. उदाहरणार्थ, ‘२३२४’ म्हणजे २०२४ या वर्षाचा २३वा आठवडा, अर्थात जून महिन्याची सुरुवात. ‘०४२३’ म्हणजे २०२३ मधील चौथा आठवडा, म्हणजे जानेवारीअखेर. टायरवर हे आकडे रोमन अंकांत नव्हे, तर प्रचलित आंतरराष्ट्रीय अंकांत असतात. बहुधा ते लांबट गोल चौकटीत किंवा अक्षरे व अंक यांच्या लांब मालिकेच्या शेवटी आढळतात.

अमेरिकेच्या परिवहन विभागाच्या नियमांनुसार बनलेल्या टायरांवर ही मालिका ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होते. तीत कारखान्याचा संकेत आधी आणि उत्पादनाचा काळ शेवटी येतो. केवळ भारतीय बाजारासाठी बनलेल्या प्रत्येक टायरवर ‘डीओटी’ ही अक्षरे असतीलच असे नाही. तरीही आठवडा व वर्ष यांचा चार आकडी संकेत सामान्यतः असतो. अनेक टायरांवर तो एकाच बाजूला असल्यामुळे टायर फिरवून दोन्ही भिंती पाहाव्या लागतात.

२००० पूर्वीच्या टायरांवर तीन आकडे असत. दोन आठवड्यांचे आणि एक वर्षाचा. ‘३२८’ या संकेतावरून १९८८ आणि १९९८ यांपैकी नेमके दशक कोणते, हे कळत नसे. १९९० च्या दशकातील काही टायरांवर त्यासाठी लहान त्रिकोणाची जोड दिलेली असे. असा तीन आकडी संकेत आज आढळला, तर तो टायर पंचवीस वर्षांहून अधिक जुना असल्याचे निश्चित समजावे.

टायरवरील इतर आकड्यांची या संकेताशी गल्लत होऊ शकते. ‘२.७५-१८’ किंवा ‘१००/९०-१७’ ही टायरची मापे आहेत. मापानंतर येणारा दोन आकडी अंक भारक्षमतेचा निर्देशांक असतो आणि त्यापुढील अक्षर कमाल वेगाचे असते. बाण टायरच्या फिरण्याची दिशा दाखवतो.

रबर जुने होण्याची प्रक्रिया

टायरमध्ये नैसर्गिक व कृत्रिम रबर, काजळी, तेले, गंधक आणि संरक्षक रसायने यांचे मिश्रण असते. कारखान्यात उष्णता व दाब देऊन गंधकाच्या साहाय्याने रबराच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. या क्रियेला व्हल्कनीकरण म्हणतात. पुढील काळात टायरवर प्रामुख्याने तीन गोष्टींचा परिणाम होतो.

पहिली गोष्ट म्हणजे प्राणवायू. त्याच्या संयोगाने रबराच्या साखळ्यांमध्ये नवे बंध तयार होतात, रबर कडक होते आणि त्याची लवचीकता घटते. दुसरी गोष्ट म्हणजे ओझोन. हवेतील अत्यल्प ओझोनही ताणलेल्या रबराच्या पृष्ठभागावर बारीक भेगा पाडतो. बाजूच्या भिंतीवर आणि नक्षीच्या खाचांच्या तळाशी त्या प्रथम दिसतात. तिसरी गोष्ट म्हणजे उष्णता व सूर्यप्रकाश. रासायनिक अभिक्रियांबाबतच्या स्थूल ठोकताळ्यानुसार तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, तर अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यामुळे थंड गोदामातील दोन वर्षे आणि तापत्या पत्र्याखालील दोन वर्षे टायरच्या दृष्टीने सारखी नसतात.

ओझोनपासून संरक्षणासाठी मिश्रणात मेणासारखी द्रव्ये घातलेली असतात. टायर फिरताना तो सतत दबतो व ताणला जातो, त्यामुळे ही द्रव्ये पृष्ठभागाकडे येत राहतात आणि पातळ थर तयार होतो. दीर्घकाळ एका जागी पडून राहिलेल्या टायरमध्ये ही हालचाल थांबते. म्हणूनच घरासमोर अनेक वर्षे उभी असलेली, फारशी न चाललेली गाडी टायरच्या बाबतीत फसवी ठरते. नक्षी पूर्ण शाबूत असते, पण रबर वाळलेले असते. बाजूच्या भिंतीवर दिसणारी तपकिरी झाक मात्र अनेकदा या संरक्षक द्रव्यांचीच असते. केवळ तिच्यावरून टायर खराब ठरवता येत नाही.

दुचाकीवरील परिणाम

मोटारसायकलच्या प्रत्येक चाकाचा रस्त्याशी होणारा स्पर्श जेमतेम तळहाताएवढा असतो. वळणावर गाडी कलते, तेव्हा हा स्पर्श टायरच्या कडेकडे सरकतो. कडक झालेले रबर रस्त्याच्या सूक्ष्म खडबडीतपणात नीट बसत नाही. परिणामी ब्रेक लावल्यावर थांबण्याचे अंतर वाढते आणि ओल्या रस्त्यावर चाक घसरण्याचा धोका बळावतो. चारचाकीचे एक चाक घसरले तरी उरलेली तीन तिला सावरू शकतात. दुचाकीचे पुढचे चाक घसरले, तर गाडी सावरणे बहुधा शक्य होत नाही.

अगदी नवा टायरही पहिले सुमारे १०० किलोमीटर गुळगुळीत असतो. साच्यातून काढताना वापरलेल्या द्रव्यांचा थर त्यावर राहिलेला असतो. ही घसरण तात्पुरती असते आणि वापराने जाते. जुन्या रबराचा कडकपणा वापराने कमी होत नाही.

वापराची मुदत

टायर किती वर्षे वापरावा याबाबत जगभर एकच नियम नाही. अनेक वाहननिर्माते सहा वर्षांनंतर टायर बदलण्याचा सल्ला देतात. मिशलिन ही कंपनी पाच वर्षांच्या वापरानंतर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासणी करून घेण्याचा आणि उत्पादनापासून दहा वर्षांनंतर टायर बदलण्याचा सल्ला देते. योग्य रीतीने साठवलेला, तीन वर्षांपर्यंतचा न वापरलेला टायर जर्मनीतील टायर व्यवसायात कारखान्यातून नुकत्याच आलेल्या टायरसारखा, तर पाच वर्षांपर्यंतचा ‘नवा’ म्हणून विक्रीयोग्य मानला जातो.

वयाचा प्रश्न ब्रिटनमध्ये एका अपघातामुळे ऐरणीवर आला. सप्टेंबर २०१२ मध्ये सरे परगण्यातील हाइंडहेडजवळ संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या बसचा पुढचा टायर फुटून तीन जणांचा मृत्यू झाला. तो टायर १९ वर्षांहून अधिक जुना होता, मात्र त्याची नक्षी तपासणीत उत्तीर्ण होण्याइतकी होती. पुढे १ फेब्रुवारी २०२१ पासून तेथे मालमोटारी व बस यांच्या पुढच्या आसावर दहा वर्षे किंवा त्याहून जुने टायर वापरण्यास बंदी घालण्यात आली. ही बंदी दुचाकींना लागू नाही.

भारतातील नियम

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ टायरच्या स्थितीविषयी आहे. त्यानुसार दुचाकी व तीनचाकीच्या टायरच्या नक्षीची खोली किमान ०.८ मिलिमीटर आणि इतर वाहनांच्या टायरची १.६ मिलिमीटर असावी लागते. आतील कापड उघडे पडलेला किंवा फुगवटा आलेला टायर वापरता येत नाही. दुचाकी टायरांसाठी ‘आयएस १५६२७’ हे भारतीय मानक असून २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने टायरांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे केले आहे. नियम ९४ मध्ये वयाची कमाल मर्यादा दिलेली नाही. त्यामुळे दहा वर्षांचा, पण खोल नक्षीचा टायर रस्त्यावरील सर्वसाधारण तपासणीत सुटून जाऊ शकतो.

नागपूर व सक्करदरा परिसर

सक्करदरा हा नागपूरच्या आग्नेय भागातील दाट वस्तीचा परिसर आहे. तेथील तलाव, बुधवार बाजार आणि उमरेड रस्त्यावरील चौक शहरात परिचित आहेत. अशा परिसरात नोकरी, शिक्षण आणि बाजार यांसाठीची रोजची ये-जा मोठ्या प्रमाणावर दुचाकीवर होते. टायर खरेदीही बहुधा घराजवळच्या दुकानातूनच केली जाते.

नागपूरमध्ये मे महिन्यात कमाल तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. २३ मे २०१३ रोजी ते ४७.९ अंश नोंदवले गेले. दुकानाच्या दर्शनी भागात उन्हात टांगलेला किंवा पत्र्याच्या छपराखाली रचलेला टायर या काळात वेगाने जुना होतो. जूनच्या मध्यास पाऊस सुरू होतो, तेव्हा उन्हाळ्यात कडक झालेला टायर धूळ व तेलाने निसरड्या झालेल्या ओल्या रस्त्यावर येतो. त्यामुळे येथील दुचाकीचालकाच्या दृष्टीने पावसाळ्यापूर्वीची तपासणी अधिक उपयुक्त ठरते.

नागपूरजवळील बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत सीएट कंपनीचा दुचाकी टायरांचा कारखाना आहे. तथापि कारखाना जवळ असल्यामुळे शहरातील दुकानात ताजाच माल मिळेल, असा निष्कर्ष काढता येत नाही. टायर वितरकाच्या गोदामात आणि दुकानात किती काळ राहिला, यावर त्याचे वय अवलंबून असते. जास्त खपाच्या मापांचा माल लवकर संपतो. बंद पडलेल्या किंवा कमी विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या मापांचे टायर दुकानात अधिक काळ पडून राहण्याचा संभव असतो.

खरेदीच्या वेळची तपासणी

टायर चाकावर चढवण्यापूर्वीच संकेत वाचणे महत्त्वाचे असते, कारण चढवलेला टायर परत घेण्यास दुकानदार सहसा तयार नसतो. पुढील बाबी क्रमाने पाहता येतात.

१. चार आकडी संकेत: एक वर्षाच्या आतील टायर ताजा मानण्यास हरकत नाही. दोन-तीन वर्षांचा, पण सावलीत व थंड जागी ठेवलेला टायर वापरण्यायोग्य असतो. मात्र त्याचे उरलेले आयुष्य कमी असल्याने किमतीत सवलत मागणे रास्त ठरते.

२. भेगा: टायर हाताने किंचित वाकवून खाचांचे तळ आणि बाजूची भिंत उजेडात पाहावी. सरळ धरलेल्या टायरवर बारीक भेगा दिसत नाहीत.

३. रबराचा स्पर्श: नखाने दाबल्यावर रबर किंचित दबून पूर्ववत व्हावे. ही चाचणी ढोबळ असते. अचूक कडकपणा ड्युरोमीटर या उपकरणाने मोजतात.

४. कडांचा आकार: आडव्या थप्पीत दीर्घकाळ दबलेल्या टायरच्या कडा चपट्या होतात. असा ट्यूबलेस टायर रिमवर नीट बसत नाही आणि हवा धरत नाही.

५. पृष्ठभाग: चकचकीत काळे पॉलिश जुनेपणा झाकू शकते. वापरलेल्या टायरवर नक्षी पुन्हा कोरलेली असल्यास खाचांच्या कडा असमान दिसतात. अशा टायरमध्ये खाचेखालील रबराचा थर धोकादायकरीत्या पातळ झालेला असतो.

६. ट्यूब: ट्यूब असलेल्या चाकात नव्या टायरबरोबर नवी ट्यूब बसवणे योग्य असते, कारण जुनी ट्यूब ताणलेली असते आणि तिचे रबरही जुने झालेले असते.

७. पावती: पावतीवर टायरचा क्रमांक व उत्पादनाचा संकेत लिहून घेतल्यास हमी किंवा तक्रारीच्या वेळी पुरावा राहतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तूबाबत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

जुनी दुचाकी घेताना

वापरलेल्या गाडीच्या टायरवरील तारीख गाडीच्या इतिहासाचाही पुरावा असते. नोंदणीच्या वर्षाशी जुळणारे टायर मूळचे असण्याची शक्यता असते. गाडी आठ वर्षांची असेल, तर नक्षी कितीही चांगली असली तरी अशा टायरांच्या बदलाचा खर्च किमतीत धरावा लागतो. उलट, मीटरवर अल्प अंतर दिसत असूनही मागचा टायर नंतरच्या वर्षाचा असेल, तर तो का बदलला, हे विचारणे आवश्यक ठरते. पंक्चर किंवा अपघात हे कारण असू शकते. मीटरवरील आकडा खरा नसण्याचीही शक्यता असते.

साठवण

टायर थंड, कोरड्या, अंधाऱ्या आणि फारशी हवा न खेळणाऱ्या जागी उभे ठेवावेत. वेल्डिंग यंत्रे आणि विजेच्या मोटारी ओझोन निर्माण करतात, तर पेट्रोल, तेल व द्रावके रबर खराब करतात. त्यामुळे यांच्याजवळ टायर ठेवणे टाळतात. दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टायरमध्ये योग्य दाबाची हवा ठेवून ती मधल्या स्टँडवर सावलीत उभी केल्यास टायरची एकच बाजू दबत नाही.

हेही पाहा

व्हल्कनीकरण
ट्यूबलेस टायर
रस्ता सुरक्षा
ग्राहक संरक्षण कायदा, २०१९
सक्करदरा