पाळ, तुडुम आणि सलंग : भंडाऱ्याच्या मामा तलावांची कुळकथा

भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणण्याची रीत जुनी आहे. परंतु हे तलाव निसर्गाने दिलेले नसून, दोन टेकड्यांमधील उतार हेरून, त्यावर मातीची पाळ घालून, पिढ्यानपिढ्या राबलेल्या माणसांनी उभे केलेले आहेत, ही गोष्ट त्या नावाच्या कौतुकात बहुधा विसरली जाते. या मुलखात पाऊस कमी नाही, ५० इंचांच्या आसपास पडतो. पण तो चार महिन्यांत कोसळून वैनगंगेच्या वाटेने निघून जातो, आणि साकोलीकडील पुरातन, कठीण खडक त्याला पोटात फारसा थारा देत नाही. त्यातून येथील पीक धानाचे. आषाढ-श्रावणात पऱ्हे उपटून रोवणी झाली, बांध्या तुडुंब भरल्या, तरी शेतकऱ्याचा जीव खरा टांगणीला लागतो तो हस्त नक्षत्रात, कारण धान निसवण्याच्या त्या दिवसांत एक-दोन पाणी चुकले की सारा हंगाम पळींजाच्या राशीत जमा होतो. तलावाचा जन्म या पंधरवड्याच्या भीतीतून झाला.

वैनगंगेच्या खोऱ्यातील वस्ती तलावांहून पुष्कळ प्राचीन आहे. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात बौद्ध स्तूप आणि ब्राह्मी लेख मिळाले, तेव्हा येथील नागर वस्ती दोन सहस्रकांमागे जाते हे सिद्ध झाले. झाडीपट्टीतील, म्हणजे या पूर्व विदर्भातील, आजच्या तलावांचे कूळ मात्र गोंड राजांच्या अमदानीपर्यंत पोहोचते, आणि ते सांगताना पहिले नाव घ्यावे लागते कोहळी समाजाचे. चांद्याचा (आजच्या चंद्रपूरचा) एक गोंड राजा काशीयात्रेहून परतताना आपल्या पूर्वजांना सोबत घेऊन आला, असे कोहळी सांगत. भंडाऱ्याकडील कोहळी आपली पहिली वस्ती लांजीची मानत. ही परंपरा रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. तिच्यातील इतिहास किती आणि अभिमान किती याचा निवाडा करण्याची मला गरज वाटत नाही. ऊस आणि धान या दोन तहानलेल्या पिकांवर प्रेम करणारी ही माणसे जेथे गेली तेथे पाणी अडवीत गेली, एवढे पाळींवरून आजही वाचता येते.

त्यांच्या विद्येला पोथी नव्हती. जमिनीचा उतार, वरच्या जंगलातून येणारा येवा आणि खाली भिजू शकणारी सिहार व मोरांड जमीन या तिन्हींचा मेळ जेथे बसेल तेथे पाळीची जागा ठरे. दुर्बीण नव्हती, सपाटी मोजण्याचे यंत्र नव्हते, पावसाळ्यात वाहत्या पाण्याची चाल पाहून डोळ्यांनी घेतलेला अंदाज हेच मोजमाप होते. पाळ मातीची, लाटांचा मारा बसतो त्या आतल्या अंगाला दगडांचा थर. पाणी सोडण्याचे द्वार म्हणजे तुडुम, आणि भरून वाहू लागलेले पाणी पाळीला धक्का न लावता बाजूने निघून जावे म्हणून ठेवलेली वाट म्हणजे सलंग. या तीन अवयवांत तलावाचे सारे शास्त्र सामावले आहे, आणि त्यांतही सलंगेची जागा निवडणे सर्वांत कठीण, कारण ती चुकली तर पहिल्याच अतिवृष्टीत पाळ फुटून खालचे गाव वाहून जाण्याचा धोका. शिवाय एक तलाव एकटा नसे. वरच्या तलावाच्या सलंगेचे पाणी खालच्या तलावात, त्याचे त्याच्याही खालच्या बोडीत म्हणजे लहान तळ्यात, बोडीतून धानाच्या बांध्यांत, असा एकाच नाल्यावर पाण्याचा वंशवेल उतरत जाई. वरचे जंगल तोडले की गाळ येतो, हेही त्यांना ठाऊक होते.

या परंपरेचा सर्वांत मोठा वारसा म्हणजे नवेगाव बांध. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात तो आज मोडतो. तो कोलू पाटील कोहळी याने अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला असे मानतात. लोकांनी या पाटलाला कोलासुर देव करून डोंगरावर बसवले, आणि भोवतालच्या सात शिखरांना पाळ घालण्यास साहाय्य करणाऱ्या सात बहिणी मानले. तलाव बांधणाऱ्या पाटलाला देवत्व देणाऱ्या समाजाचे मूल्यमापन मला आदरणीय वाटते.

पण एवढा पसारा उभा करण्यास माणसे प्रवृत्त का झाली? चांद्याच्या हीरशहा राजाविषयी सांगतात की, जो जंगल तोडून गाव वसवील त्याला ते गाव, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाने भिजेल तेवढी जमीन, अशी सनद त्याने दिली. माझ्या मते कुळकथेचा गाभा येथे आहे. राजाने खजिना रिता केला नाही, बांधणाऱ्याने पदरची मजुरी फुकट घालवली नाही; पाण्याच्या मापाने जमीन मिळण्याचा हा करार होता. त्यामुळे आधी तलाव आणि मागून गाव, असा क्रम येथे पुष्कळ ठिकाणी पडला. ज्याची बांधी पाळीखाली, त्यानेच पावसाळ्यापूर्वी पाळीवर माती टाकायची. दुरुस्ती करणारा आणि पाणी घेणारा एकच असल्याने तलाव टिकत गेले.

सामाईक संपत्तीची अशीच शिस्त अन्यत्रही दिसते. दूरच्या आल्प्स पर्वतात, स्वित्झर्लंडच्या व्हॅले प्रांतात, ट्योर्बेल नावाचे काही शे वस्तीचे डोंगरी खेडे आहे. तेथील ग्रामस्थांनी १४८३ साली कुरणे, अरण्य आणि पडीक जमीन यांच्या सामाईक वहिवाटीचा लेख करून ठेवला, आणि १५१७ च्या नियमाने असे ठरवले की, हिवाळ्यात जितकी गुरे घरच्या चाऱ्यावर जगवता येतील तितकीच उन्हाळ्यात वरच्या कुरणावर न्यावीत. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात या खेड्याचा दाखला देऊन, सामाईक संपत्ती राजा किंवा सावकार यांवाचूनही शतकानुशतके टिकू शकते असे प्रतिपादन केले. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या झाडीतील पाळी त्याच सत्याची साक्ष देत होत्या, परंतु तसा लेख आपल्या गावांनी स्वतःच्या हाताने लिहिला नाही. तो लिहिला सरकारी दफ्तराने, आणि तेथून तलावाचे दैव फिरले.

नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यावर, १८६० च्या दशकातील बंदोबस्तात इंग्रज सरकारने महसूल भरणाऱ्या पाटलांना व मालगुजारांना गावांची मालकी दिली, आणि गावाबरोबर तलावही मालगुजाराच्या नावे चढले. रयतेचे हक्क पुसले गेले नाहीत. कोणत्या तलावाचे पाणी कोणत्या बांध्यांना, गुरांचा निस्तार म्हणजे पाणी-चराईची वहिवाट कोठे, मासे कोणाचे, या रूढी वाजिब-उल-अर्जात नोंदल्या गेल्या. चांगला मालगुजार तलाव राखी, लोभी मालगुजार रयतेकडून वेठीने पाळ घालून घेई. आणि ज्यांचे जगणे मासे व शिंगाड्यांवर त्या ढिवरांचा वाटा दोघांच्याही राज्यात शेवटचा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर सरकारने स्वतः चांदपूर, बोदलकसा, चोरखमारा यांसारखे मोठे तलाव बांधले खरे, पण गावागावांतील हजारो लहान तलावांचा सांभाळ गावाकडेच राहिला.

तेव्हाच्या मध्यप्रदेश राज्याच्या १९५० च्या कायद्याने पुढील वर्षी मालगुजारी नष्ट झाली, आणि हे न्याय्यच झाले. तलाव सरकारजमा झाले, ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्यांना ‘मामा तलाव’ हे नाव पडले, आणि पुढे त्यांची व्यवस्था जिल्हा परिषद व पाटबंधारे खाते यांच्यात वाटली गेली. पूर्व विदर्भात असे तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. परंतु मालगुजार जाताना पाळीवर माती टाकण्याचे कर्तव्यही कागदावरून पुसले गेले. ते ना खात्याने पूर्णपणे उचलले, ना गावाला परत दिले. गाळ साचला, तुडुम गळू लागले, कोरड्या पडलेल्या बुडीत क्षेत्रात अतिक्रमणे झाली, आणि बेशरमाच्या झुडपांनी काठ व्यापले. १९८८ साली पवनी तालुक्यात गोसेखुर्दच्या महाकाय धरणाची कोनशिला बसली, तेव्हापासून राज्यकर्त्यांचे लक्षही मोठ्या पाण्याकडे गेले. मला या अनास्थेचे मनस्वी दुःख होते, कारण वरच्या अंगाच्या गावांना त्या धरणाचे पाणी चढून येणार नाही.

अशा अनास्थेतही ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळा’ने ढिवरांना सोबत घेऊन, बेशरम उपटून आणि देशी जलवनस्पती लावून काही तलाव जागे केले आहेत. नुसता गाळ उपसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, कारण यंत्राने सरसकट खरवडलेल्या तळात माशांना अंडी घालण्यास आसरा उरत नाही आणि देवधान या रानधानाचे बीही गाळाबरोबर उचलले जाते, हे तलावावर पोट असलेली माणसे अभियंत्यांच्या आधी सांगत आली. त्यांचे हे ज्ञान कोहळ्यांच्या विद्येइतकेच मोलाचे आहे, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत वाजिब-उल-अर्ज व निस्तारपत्रक ही दोन्ही नावे अद्याप कायम असल्याने, तहसिलीतील त्या जुन्या नोंदी गावसभेपुढे वाचून, पाण्याचा, माशांचा आणि पाळीवर टाकायच्या मातीचा वाटा नव्याने ठरवण्यास कोणत्याही गावाला आज प्रारंभ करता येईल.